सगुणा, मालात माती होती

वकीलबाई काल येऊन गेल्या. म्हणाल्या, नाना, सगुणाक्कांच्या सभेत वाचायला काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, माझ्या मनात काय आहे ते मी तिला सांगीन, सभेला कशाला सांगू? त्या म्हणाल्या, मग तिलाच लिहा, आम्ही नुसतं ऐकतो. वकील माणूस, शब्दात धरलं मला. म्हणून बसलोय.

तुझं माहेर कुठलं, तू कशानं गेलीस, मागं कोण कोण आहे, हे दुसरं कुणीतरी सांगेल. मला ते सांगायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. चार वर्षं चाललेलं भांडण असं मधेच टाकून जायची तुझी रीत नव्हती. तू कधी अर्धं अंगण सारवून उठली नाहीस.

अजून संध्याकाळची मुक्कामाची गाडी फाट्यावर थांबली की मी उठतो. गाडीतून उतरून तू घरी पोचेपर्यंत चहाला उकळी यायची, ते हाताला बसलंय. परवा आधण ठेवलं, साखर टाकली, आणि मग आठवलं की मी बिनसाखरेचा पितो. गोड चहा समोर घेऊन बसलो. टाकवेना आणि पिववेना.

सभेत नवी माणसं असतील, त्यांच्यासाठी पहिल्यापासून लिहितो. तू कंटाळू नको.

गणपा जतकडचा धनगर. दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आपल्याकडं यायचा, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. पुढं मेंढरं कमी झाली, गुडघे गेले, तसा तो फाट्यापलीकडच्या हळदीच्या मळ्यात राखणीला राहिला. तो आणि बायको तानू, एवढंच खटलं. खोपीच्या मागं त्यानं गांज्याची अकरा झाडं लावली होती. चिलमीला, आणि मेंढराचं पोट बिघडलं तर पाला चारायला. हे त्यानं कधी नाकारलं नाही. पहिल्या दिवसापासून म्हणत होता, लावली मी. मळ्याचा मालक पुण्याला राहायचा. त्याला म्हणे काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला कुणी फारसं विचारलंही नाही.

पोलीस धाड घालायला आले तेव्हा पंचनाम्याला दोन पंच हवे होते. आपल्याकडं पंच म्हणून बोलावणं आलं की माणूस टोपी झटकून उठतो. गावात आपली किंमत आहे असं वाटतं. हवालदार आपल्या दारात आला आणि म्हणाला, 'नाना, चला. वजनाचं काम हाय. तुमच्यापरीस जाणकार कोन?'

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस मी. गाडीवान, टोळीवाले, मोठे बागायतदार, सगळ्यांचा ऊस माझ्या डोळ्यांखालून गेला. नानाचा काटा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे. त्या हवालदाराच्या एका वाक्यानं मी फुगलो. तू म्हणालीस, जेवून जावा. मी म्हटलं, आल्यावर जेवतो, सरकारी काम आहे.

आदल्या दिवशी झोडपून पाऊस झाला होता. काळं रान. झाडं मुळासकट उपटली, तर एकेका मुळाला नारळाएवढा मातीचा गोळा. पानं ठिबकत होती. काटा एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून आणला होता. मी सपाट जागा बघून तो मांडला, शून्यावर आणला. मग पहिलं झाड उचललं आणि माझा हात आपसूक मुळाकडं गेला. उसाची मोळी आली की वाढं किती, पाचट किती, माती किती ते बघायचं आणि तेवढी वजावट धरायची, हेच तर माझं काम होतं. आता गोळा झटकणार, एवढ्यात फौजदार म्हणाले, 'राहू द्या नाना, मुद्देमाल आहे. आहे तसा चढवा.'

मी हात मागं घेतला. आहे तसा चढवला. आकडा मोठ्यानं वाचला. त्यांनी लिहिला आणि मी खाली सही केली, वळणदार.

या कायद्यात सगळा खेळ वजनाचा. एका ठराविक आकड्याच्या खाली माल असला तर माणसाला जामीन मिळू शकतो. आकडा वर गेला की तो व्यापारी ठरतो, आणि मग जामीन म्हणजे वाळूतून तेल काढणं. मातीसकट गणपाचा आकडा वर गेला, आणि तो आत गेला. कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. खोड नाही, मुळी नाही. हे मला पुढं तुझ्याकडून कळलं. पण माती म्हणजे माल नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो. तुला काही बोललो नाही. चौथ्या दिवशी तानू दारात येऊन बसली. ती रडत नव्हती, नुसती उंबऱ्याकडं बघत होती. म्हणाली, आक्का, वजनाला नाना हुते. तू तिला पाणी दिलंस, भाकरी दिलीस, वाटेला लावलंस. मग मी जेवायला बसल्यावर विचारलंस, 'माती झाडली का?'

मी म्हटलं, ते माझं काम न्हवं.

तू म्हणालीस, 'मग उसातली माती झाडायचं कुनाचं काम हुतं?'

मी ताटावरून उठलो. तू मला परत बसवलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तानूला घेऊन सांगलीला गेलीस, वकील शोधायला. आपल्या लग्नानंतर तू मला न विचारता तालुका ओलांडलास तो पहिल्यांदा. मग ओलांडतच राहिलीस.

वकीलबाई तुला तिथं भेटल्या. त्यांच्याबरोबर मिरजेचा इक्बाल होता, आधी नशेच्या गोळ्यांत बुडालेला, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, आता रंगकाम करणारा. तो म्हणायचा, गोळ्या मला बाहेर मिळत नव्हत्या एवढ्या आत मिळायच्या, तिथं मी सुधारणार कसा? आणखी दोन-चार जण. एक कापडी फलक, एक भोंगा, इक्बालची हलगी. एवढ्या सामानावर तुम्ही गावोगावचे आठवडी बाजार धरले. विटा, लोणंद, शिराळा, जत. एसटीनं जायचं, बायकांना अर्धं तिकीट, डबा आपापला. हलगी वाजली की माणसं जमायची, वाटायचं तमाशाची जाहिरात आहे. आणि मग तू भोंगा हातात घ्यायचीस.

काय सांगायचीस ते मला पाठ आहे, कारण घरात भाकरी थापताना तू त्याचीच तालीम करायचीस. कोऱ्या कागदावर सही करू नका. पंच म्हणून गेलात तर दिसलं तेवढंच लिहून घ्या. व्यसन लागलेल्याला दवाखाना दाखवा, कोठडी नको. स्वतःच्या चिलमीपुरतं ज्याच्याकडं सापडलं त्याला व्यापाऱ्याच्या रांगेत बसवू नका. आणि खटला चालवायचा तर चालवा, माणूस आत कुजवून कोर्टाची तारीख लांबवू नका. यातलं अर्धं तुला वकीलबाईंनी शिकवलं. पंचाचं मात्र तू आपल्या घरातून शिकलीस.

गावानं तुझं नाव ठेवलं, गांजावाली सगुणा. मी चहाच्या गाड्यावर गेलो की कुणीतरी विचारायचं, 'नाना, काकी कुठं गेल्या? माल आनायला?' आणि सगळे हसायचे. मी गाड्यावर जायचं सोडलं. तुला वाटलं मधुमेहामुळं सोडलं. तुला कळू दिलं नाही, कारण तू तिथं जाऊन त्यांना झाडलं असतंस आणि मला ते जास्त लागलं असतं.

खरं सांगतो, मी नुसता भीतीपोटी तुझ्याशी भांडत नव्हतो. मला गांज्याचा राग होता, अजून आहे. नशेनं घरं बसलेली मी बघितली आहेत. मी म्हणायचो, कायदा कडक आहे तेच बरं, धाक पाहिजे. एकदा तू पोळपाट बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, 'माझा भाऊ दारूनं गेला. दुकान परवान्याचं हुतं. त्याला कुनी धरून आत टाकला असता तर वाचला असता व्हय?' मी म्हटलं, ते वेगळं. तू म्हणालीस, काय वेगळं ते सांगा. मी ताटावरून उठलो. पटलं मात्र नाही. तुमच्यातल्या इक्बालचं म्हणणं होतं की घरामागं दोन झाडं लावायला मुभा असावी. मला ते आजही मान्य नाही. सभेत इक्बाल बसला असेल. रागवू नको रं गड्या, पण मला मान्य नाही. सगुणा, तू त्यावर काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक नाही. तुला विचारायचं राहूनच गेलं. मी प्रत्येक वेळी ताटावरून उठायचो.

साताऱ्याची गोष्ट सांगू का? सांगतोच. कलेक्टर कचेरीसमोर तुम्ही धरणं धरलं आणि जमावबंदी लागली. पाच माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही. तुम्ही होता पाच जण. मग तू म्हणालीस, मी पलीकडं जाते. चौघं कचेरीच्या भिंतीला आणि तू एकटी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कडुलिंबाखाली. घोषणेचा अर्धा भाग ते देणार आणि उरलेला तू, मधून गाड्या जाणार. तरी पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घातलं. मला निरोप आला तसा मी आलो. ठाण्यात तू बाकावर मांडी घालून बसली होतीस, दाराकडं तोंड करून. फौजदारीणबाई म्हणाल्या, आजोबा, न्या यांना. तू म्हणालीस, थांबा. 'आमाला पकडलंय का नुसतं बसवलंय, ते आदी लिवून द्या. पकडलं असंल तर सूर्य मावळायच्या आत ठरवा. मावळल्यावर बाईमानसाला धरता येत न्हाई.' त्या बाई हसल्या. तू हसली नाहीस. त्यांनी लिहून दिलं. तो कागद तू चंचीत घडी करून ठेवलास, सुपारीच्या शेजारी.

गाडीत बसल्यावर मी तुला म्हटलं, लय शहाणी झालीस. तू म्हणालीस, उशिरा झाले. त्या दिवशी तुझ्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. एसटीत माणसं होती म्हणून ठेवला नाही. आता वाटतं, माणसांचं काय जात होतं?

महाबळेश्वरला जाऊ नको म्हणालो होतो. भर पावसाळा. तिथल्या पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. पण तिथल्या एका टॅक्सीवाल्याच्या बायकोनं तुम्हाला बोलावलं होतं. गिऱ्हाईक गांज्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवून उतरून गेलं, नाक्यावर तपासणी झाली आणि डायव्हर आत. तू निघालीस. मी तोंडानं शिव्या देत होतो आणि तुझ्या पिशवीत माझं घोंगडं कोंबत होतो. परत आलीस तेव्हा ते भिजून दगडासारखं झालं होतं, तीन दिवस वळचणीला लोंबत होतं. तू विचारलंस, 'घोंगडं कुनी ठेवलं पिशवीत?' मी म्हटलं, मांजरानं. तू म्हणालीस, मांजर बरं हाय घरातलं, माणसापरीस. त्या संध्याकाळी आपण बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवलो.

आणि लोणंद. हे मी तुला सांगितलेलं नाही.

मी पाहुण्यांकडं जातो म्हणून निघालो आणि तुमच्या मागच्या गाडीनं लोणंदला उतरलो. बाजारात कांद्याच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्याआड उभा राहिलो. तू भोंग्यावर बोलत होतीस. आवाज घरातला नव्हता, पण खोटाही नव्हता. गर्दी होती. गावाकडं तुला हसणारी माणसं, आणि इथं अनोळखी गडी उन्हात टोपी काढून ऐकत उभे.  मला वाटलं, पुढं जाऊन कुणाला तरी सांगावं, ही माझी मालकीण. तेवढ्यात तू म्हणालीस, 'एक मानूस हाय. आयुष्यभर लोकांच्या उसातली माती वजा केली त्यानं, चिमूटभर इकडची तिकडं हू दिली न्हाई. आन् गरिबाची पाळी आली तवा हात मागं घेतला.' कुणीतरी ओरडलं, कोन हाय तो, नाव सांगा.  म्हणालीस, 'नाव न्हाई सांगनार. मानूस चांगला हाय. भ्याला एवढंच.'

मी तसाच मागं वळलो. आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू कारण विचारलं नाहीस. मला वाटतं तू मला बघितलं होतंस. आपण दोघांनीही ते कधी काढलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहून माणसं एवढं झाकू शकतात.

तुझं म्हणणं साधं होतं. खटला उभा राहील तेव्हा कोर्टात जाऊन खरं सांगा. मी म्हणायचो, सही आहे माझी, फिरलो तर खोट्या साक्षीचं माझ्यावर येईल. हवालदारानंही तसं कानावर घातलं होतं. मी म्हणायचो, सरकारी पंच उलटला तर कोर्टात त्याला फितूर म्हणतात, पेपरात तेच छापतात. आपल्या साताऱ्याच्या मुलखात तो शब्द ज्याच्या घराला लागला त्याच्या तीन पिढ्या खाली मान घालून चालतात. हे सगळं मी बोलायचो. पोटात दुसरंच होतं. एकतीस वर्षांत माझा एकही काटा कुणी खोटा ठरवला नव्हता. हा एक मी स्वतःच्या तोंडानं खोटा ठरवायचा होता. ते होईना.

शेवटचे चार महिने तू विचारणंच सोडलंस. ते मला सगळ्यात जास्त लागलंय. दवाखान्यात होतीस तेव्हा मी रोज वाट बघायचो की आज म्हणशील, जाल ना? आणि मी म्हणेन, जातो. तू म्हणायचीस, उशी वर करा. म्हणायचीस, तानूला शेंगदाणे द्या, तिला आवडतात. समन्स आलं ते मी तुला दाखवलं. तू वाचलंस, म्हणजे बोट फिरवत वाचलंस, आणि माझ्या हातात परत दिलंस. म्हणालीस, सदरा इस्त्रीला टाका. दुसरं काही नाही. सगुणा, तू मला सोडून दिलं होतंस, का तुला माझी खात्री पटली होती? यातलं एक खरं असणार. कोणतं ते तू सांगितलं नाहीस, आणि आता जेवताना, उठताना, टोपी घालताना मी हाच एक प्रश्न घेऊन फिरतोय.

तारीख पडली ती तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. वकीलबाई म्हणाल्या, नाना, पुढची तारीख मागते, कोर्ट देईल. मी म्हटलं नको. रडून रडून भ्यायला अंगात काही उरलं नव्हतं. महिन्यानं भीती परत आली असती, मला मी ठाऊक आहे.

पोरगा सोबत येतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. एकटाच गेलो. पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. गणपा पलीकडं उभा होता, पण त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. सरकारी वकिलांनी पंचनाम्यावरची सही दाखवली. माझीच. वजन तुमच्यासमोर झालं? मी म्हटलं, मीच केलं. यातला आकडा बरोबर आहे?

मी म्हणालो, 'आकडा बरोबर हाय साहेब. मालात माती हुती.'

टाईप करणारा थांबला. जजसाहेबांनी वर बघितलं. किती, विचारलं. मी सांगितलं, निम्म्याच्या वर माती, मुळी आणि खोड, झाडं ओली, त्याचं पाणी वेगळंच. सरकारी वकील म्हणाले, पंच फितूर झालाय, मला उलटतपासणीची परवानगी असावी. तो शब्द माझ्या नावाला लागला तो असा. उभाच होतो. 

त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून विचारलं. कुणी शिकवलं, कुणी काय दिलं, बायको कुठल्या चळवळीत होती. मी सांगितलं, व्हय, होती. मग जजसाहेबांनीच विचारलं, हे तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाही?

तुला चार वर्षं दिलेली सगळी उत्तरं माझ्याजवळ तयार होती. मी म्हणालो, 'भ्यालो साहेब. आन् चारचौघांतनं मला बोलावून न्हेलं म्हनून फुगलो हुतो.'

हे मी आपल्या स्वयंपाकघरात म्हणायला पाहिजे होतं. तू भाकरी थापत असताना. तेवढ्यावर तू काय केलं असतंस? बहुतेक ताटात जास्तीची भाकरी टाकली असतीस. परक्या माणसांसमोर, पंख्याच्या आवाजात ते बोललो, आणि त्यांनी ते टाईप करून घेतलं. तुझ्यापर्यंत पोचवायची सोय मात्र त्यांच्याकडंही नव्हती.

निकाल अजून नाही. वकीलबाई म्हणतात जामिनाला परत अर्ज करू, या जबानीचा उपयोग होईल. होईल किंवा न होईल.

बाहेर आलो. व्हरांड्यात गणपाला दोन पोलिसांनी बाकावर बसवलं होतं, तानू शेजारी उभी. चार वर्षांनी मी त्याला जवळून बघितला. मेंढरामागं कोस-कोस चालणारा माणूस, पिंडऱ्या वाळून काठ्या झाल्यात. मी समोर जाऊन उभा राहिलो. माफ कर म्हणायचं होतं. तोच म्हणाला, बसा नाना. मी बसलो नाही. मग तो माझ्यामागं, जिन्याकडं, दाराकडं बघायला लागला. म्हणाला, 'आक्का न्हाई आल्या?'

मी तानूकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तुरुंगातल्या भेटीत तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. आत असलेल्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून.

पाच मिनिटांपूर्वी शपथ घेऊन खरं बोलून आलेला मी. आणि मी म्हणालो, 'शिराळ्याच्या बाजाराला गेलीया. तिथं सभा हाय आज.'

'बरं हाय,' गणपा म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. 'आक्कास्नी म्हनावं, उनाचं फिरू नगा.'

सांगतो, म्हटलं.

पोलिसांनी त्याला उठवून नेलं. तानू गाडीपर्यंत त्याच्यामागं गेली. मी बाकावर बसलो. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. उलट, ते म्हटलं आणि मला शिराळ्याचा बाजार दिसला. नागपंचमीला जिवंत नाग पुजायला बंदी घालून कायद्यानं त्या गावाला आधीच दुखवलेलं, म्हणून तुझं बोलणं तिथं लोक लक्ष देऊन ऐकायचे. इक्बाल हलगी शेकतोय. तू पदर खोचून भोंगा तोंडाला लावतेयस, आधी उलटाच धरलायस, कुणीतरी हसतंय. मी तिथून हललो नाही. शिपाई येऊन म्हणाला, आजोबा, कोर्ट सुटलं, तेव्हा उठलो.

पुढच्या तारखेला गणपाला मीच खरं सांगीन. तानूलाही तसं बोललोय. सभेत बसलेल्यांना एवढंच मागणं, त्याआधी कुणी त्याच्या भेटीला गेलात तर काही बोलू नका. तोवर, सगुणा, एका माणसाच्या मनात तू अजून बाजारात उभी आहेस. तेवढे दिवस मला पाहिजेत.